राखाडी आलेला अर्ज

ओवी ढवळेचा अर्ज राखाडी आला.

बोरगट्टीच्या नगरवाचनालयातल्या पाटी-केंद्रात ती पन्नास मिनिटं मान खाली घालून लिहीत होती. सहाशे शब्द, एकही खाडाखोड नाही, अक्षर वळणदार. शेवटचा पूर्णविराम देऊन तिनं लेखणी खाली ठेवली तेव्हा तिला खात्री होती की यापेक्षा चांगलं आपल्याला लिहिता येणार नाही. मग समोरच्या पडद्यावर तिच्या मजकुराचा नकाशा उमटला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा राखेच्या रंगाचा.

"पाठ करून आली होतीस?" केंद्रचालक समीना नदाफ तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"नाही मॅडम. माझीच गोष्ट आहे. माझ्या आयुष्यात घडलेली."

"आजवर किती वेळा सांगितलीस?"

ओवीनं मनात मोजलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, तालुक्याला, जिल्ह्याला, बातमीदारासमोर, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत, कॉलेजच्या प्रवेशाला. "असेल वीस-पंचवीस वेळा."

"मग पाठच झाली की," नदाफ मॅडम म्हणाल्या.

दहा वर्षांपूर्वी असं केंद्र कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा अर्ज यंत्रंच लिहीत. मुलांनी चार मुद्दे सांगायचे आणि यंत्रानं झकास पत्र तयार करून द्यायचं. पुढे पुढे सगळीच पत्रं झकास झाली. एकेका जागेला हजारो निर्दोष अर्ज यायला लागले आणि त्यांतून माणूस कसा निवडायचा हे कुणालाच कळेना. तेव्हा लिहिण्याची क्रिया मोजणारी ही पाटी निघाली. काचेसारख्या तिच्या पृष्ठभागावर साध्या लेखणीनं लिहायचं. लेखणीचा दाब, तिचा वेग, ती कुठं थांबली, कुठून मागं फिरली, हे सगळं पाटी सेकंदाला चारशे वेळा टिपते.

पाठ केलेलं किंवा बघून उतरवलेलं लिहिताना हात एका चालीनं चालतो आणि दम घ्यायला ओळीच्या शेवटी थांबतो. विचार करत लिहिणाऱ्याचा हात मात्र अडतो तो वाक्याच्या मध्ये, नेमक्या शब्दाच्या अलीकडे. लेखणी पाटीपासून केसभर वर तरंगत राहते, बारीक थरथरते. सापडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर सावकाश उमटतं, उरलेली भरभर. मग हात दोन ओळी वर जातो आणि आधीचं काहीतरी बदलून येतो. या सगळ्यावरून पाटी मजकुराचा नकाशा काढते. जिथं लिहिणारा लिहिता लिहिता शोधत होता तिथं हिरवा रंग आणि नुसतं उतरवत होता तिथं राखाडी.

"पाटीला खरंखोटं कळत नाही," नदाफ मॅडम म्हणाल्या. "लिहिताना तू विचार करत होतीस का, एवढंच तिला कळतं. तीन बैठका असतात. दोन सरावाच्या, तिसरी अर्ज म्हणून जाते. अजून दोन आहेत. अर्जाला सतरा दिवस आहेत. घाई करू नकोस."

अर्ज होता घाटमाथ्यावरच्या जलसंशोधन केंद्रातल्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी. तिथं डॉ. नाझनीन मुजावर आणि त्यांचे सहकारी रंगाच्या सांडपाण्यावर एका बुरशीची गादी वाढवत होते. लाकूड कुजवणारी ही बुरशी कापडाच्या रंगाचे चिवट रेणू तोडून खाते. यंत्रमाग आणि रंगाच्या कारखान्यांवर जगणाऱ्या बोरगट्टीत वाढलेल्या, रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या ओवीनं ते वाचलं त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. जागा चार होत्या. प्रश्न एकच: पाण्याबद्दल तुम्ही स्वतः शोधलेली एक गोष्ट सांगा, आणि ती शोधताना तुमचं कुठं चुकलं तेही सांगा.

*

ओवीची गोष्ट सगळ्या बोरगट्टीला माहीत होती. ती आठवीत असताना त्यांच्या गल्लीतल्या बोअरला अधूनमधून रंगीत पाणी यायचं. कधी लालसर, कधी निळसर. गल्लीच्या मागं कापड रंगवणारं एक प्रोसेस हाऊस होतं, पण आमचं सांडपाणी बाहेर पडतच नाही असं तिथले लोक सांगत. ओवीनं चाळीस दिवस रोज सकाळी बोअरचं पाणी बाटलीत भरून ठेवलं आणि वहीत नोंदी केल्या. कारखान्यात ज्या रंगाचं कापड निघालं तोच रंग बरोबर तीन दिवसांनी बोअरला उतरतो, हे त्या वहीवरून सिद्ध झालं. प्रदर्शनात पहिला नंबर आला, पेपरात फोटो आला, तपासणी झाली. मागच्या आवारात झाकून ठेवलेला शोषखड्डा सापडला आणि कारखान्याला सील लागलं.

तिचे वडील, अण्णा, त्याच कारखान्यात रंगाच्या मशीनवर होते. त्यांची नोकरी गेली. पण पोर लहान आहे, तिला काय ठाऊक, असं म्हणून त्यांनी ते पोटात घातलं आणि इलेक्ट्रिक रिक्षा चालवायला घेतली. गोष्टीचा हा भाग ओवी नेहमी शेवटी सांगायची. ऐकणाऱ्यांचे डोळे इथं भरून येत.

राखाडी नकाशानंतर ती पोतदार सरांच्या क्लासला गेली. गावात असे तीन क्लास होते आणि तिथं पाटीसमोर कसं लिहायचं ते शिकवत.

"अवघड शब्दाच्या आधी थांबायचं. मनात चार आकडे मोजायचे," पोतदार सर सांगत. "दर सहाव्या ओळीला एक खोडायचं. चौथ्या परिच्छेदातून दुसऱ्यात परत जायचं."

ओवीनं आठवडाभर तालीम केली. दुसऱ्या बैठकीत तिनं आकडे मोजले, ठरल्या जागी खोडलं, ठरल्या जागी मागं गेली. नकाशा आला तो राखाडीच, आणि त्यावर पिवळ्या ठिपक्यांची रांग.

"पिवळा म्हणजे ठरवून घेतलेला थांबा," नदाफ मॅडम म्हणाल्या. "ठरवून थांबताना आपण लेखणी पूर्ण उचलतो आणि पुढचा शब्द नेहमीच्याच वेगानं लिहितो. खरा अडलेला हात लेखणी सोडत नाही. पोतदारांना सांगून सांगून मी दमले." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "पण हे बघ. एवढं एक हिरवं आहे."

तिसऱ्या परिच्छेदात नखाएवढा हिरवा डाग होता. ओवीनं तो भाग मोठा करून पाहिला. 'मी रोज बाटली भरायचे' असं तिनं लिहिलं होतं. मग 'मी' खोडून 'आम्ही' केलं होतं. मग 'आम्ही' खोडून परत 'मी'. हे खोडणं ठरलेलं नव्हतं. आपण ते केलं, हेही तिला आठवत नव्हतं.

"कोण आम्ही?" नदाफ मॅडमनी विचारलं.

 ओवीनं दप्तर उचललं आणि ती बाहेर पडली.

*

ओवीची थोरली बहीण शरयू गावाबाहेरच्या एका नव्या कारखान्यात शेड मॅचिंगला होती. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या कापडाच्या तुकड्याशी रंगून आलेलं कापड जुळतं का, हे पाहण्याचं काम. यंत्रं होतीच, पण यंत्रानं पास केलेल्यातलंही शरयू दिवसाला दोन-तीन तागे परत पाठवायची आणि तिचं बरोबर निघायचं. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. आता ती पंचवीस वर्षांची होती.

जेवणाच्या सुट्टीत ओवी तिच्यासमोर डबा न उघडताच बसली.

"आक्का, रंग तीन दिवसांनीच का यायचा?"

शरयूनं भाकरी मोडता मोडता वर पाहिलं. "आत्ता का विचारायलीस?"

"कारण मला माहीत नाही. सहा वर्षं मी ते सगळ्यांना सांगते आहे. जिल्ह्याला एका सरांनी विचारलं होतं, तीनच का? मी म्हटलं, निरीक्षणातून तसं दिसलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला म्हणून सुटले."

 शरयू बोलायला लागली आणि बोलता बोलता तिचा घास हातातच राहिला. सुरुवातीला तिला वाटलं होतं की कारखान्याचा एखादा पाइप फुटलाय. मग त्याच दिवशी रंग दिसायला पाहिजे. रोज संध्याकाळी कारखान्यातला रंग ती लिहायची आणि सकाळी बोअरचा. वीस दिवस काही जुळेना. वही फेकून द्यायची म्हणून तिनं ती उघडली आणि कंटाळ्यानं बोअरच्या रांगेवर बोट ठेवून एक घर वर सरकवलं. मग दोन. मग तीन. तिसऱ्या घराला सगळे रंग एकासमोर एक येऊन बसले.

"तेव्हा कळलं, पाइप न्हाई. पाणी मातीतनं चालत येतंय. चालायला त्याला तीन दिवस लागायलेत."

शरयूचा चेहरा इतका उजळलेला ओवीनं कधी पाहिला नव्हता.

बाटल्या शरयूनं भरल्या होत्या, ओवीनं नाही. वही शरयूची होती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि शाळेबाहेर. प्रदर्शनात भाग घेता येत नव्हता आणि अण्णांच्या कारखान्याविरुद्ध उघड बोलायची हिंमत नव्हती. तिनंच वही ओवीच्या हातात दिली होती. 'तू ने. तुला कोण काय म्हणणार नाही.' पहिल्या वेळी स्टेजवर ओवी म्हणाली होती, 'मी आणि माझी बहीण'. बातमीदारानं बहीण गाळली. त्यानंतर ओवीनंच गाळली.

"मी अर्जात हे लिहिणार आहे," ओवी म्हणाली.

"काय लिहिणार?"

"की शोध तुझा आहे. माझं चुकलं ते हे."

"येडी आहेस का? तुझी शिष्यवृत्ती त्याच्यावर मिळालीय. आणि अण्णांचं काय?" शरयूनं डबा बंद केला. "तू लहान होतीस म्हणून त्यांनी माफ केलं. मी न्हवते लहान."

"तू पण अर्ज कर."

शरयू हसली. ओवीनं दप्तरातून अर्जाची छापील प्रत काढून तिच्यासमोर ठेवली. वयाची अट तीस. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं: असेल ते लिहावे. पाटी आल्यापासून बऱ्याच संस्थांनी पदवीची अट काढून टाकली होती.

"प्रश्न वाच," ओवी म्हणाली. "हा प्रश्न तुझ्यासाठी आहे. मी त्याला दोनदा उत्तर दिलं आणि दोनदा राखाडी आलं."

"मी सहा वर्षांत सहीशिवाय काही लिहिलं न्हाई."

"आठ दिवस आहेत. अण्णांना मी सांगते."

"न्हाई," शरयू म्हणाली. "सांगायचं झालं तर मी सांगणार."

*

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर शरयूनं सांगितलं. अण्णा खाटेवर बसून सुपारी कातरत होते. आई भांडी आवरत होती. शरयूनं काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. बाटल्या कुणी भरल्या, वही कुणाची, ओवीच्या हातात का दिली.

अण्णांचा अडकित्ता थांबला. 

"रोज संध्याकाळी विचारायचीस," ते म्हणाले. "अण्णा, आज कुठला रंग चालला? मी पाय धुवायच्या आधी विचारायचीस. मला वाटायचं, पोरगीला माझ्या कामाचं कौतुक हाय."

शरयू खाटेच्या पायाशी बसली.

"मी सांगायचो. आज मरून. आज मोरपिशी. त्यात काय काय घालतात ते बी सांगायचो." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "कारखाना चुकीचा वागला, त्याला सील लागलं, त्याचं मला काय न्हाई. तेच पाणी आपण पीत होतो. पण तू माझ्याकडनंच काढून घेतलंस आणि मलाच सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" आई आतून बाहेर आली. "मालकाला जाऊन सांगितलं असतं. तुमचा स्वभाव मला ठाऊक न्हाई व्हय?"

"तुला माहीत होतं?"

"औषधाच्या रिकाम्या बाटल्या तिला कुणी आणून दिल्या वाटतं तुम्हांला?"

अण्णा उठले, चपला घातल्या आणि रिक्षा घेऊन निघून गेले. संध्याकाळी परत आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशीही तसंच. ओवीशी बोलत, आईशी जेवढ्यास तेवढं, शरयूशी अजिबात नाही.

शरयू म्हणाली, "राहू दे तो अर्ज." ओवीनं राहू दिला नाही. शरयू कामावरून आल्यावर ओवी तिला रोज वही आणि पेन घेऊन बसवायची. पहिल्या दिवशी शरयूनं जे लिहिलं ते एखाद्या सरकारी पत्रासारखं होतं. 'मला पर्यावरणाची लहानपणापासून आवड आहे.'

"आहे का?" ओवीनं विचारलं.

"न्हाई."

"मग काय होतं?"

"मला राग यायचा. धुतलेल्या पांढऱ्या ओढणीवर गुलाबी डाग पडला होता. माझी एकच चांगली ओढणी होती."

"हे लिही."

"असलं अर्जात लिहितात?"

"मला माहीत नाही. पण माझ्या अर्जात आजवर असलं काही नव्हतं, आणि त्याचं काय झालं ते तू बघितलंस."

दोघींनी संस्थेचे जुने अहवाल वाचले. अवघड शब्द ओवी समजावायची. बुरशी गडद रंगांवर का मंदावते हे एका अहवालात विचारलं होतं. शरयूनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि ती म्हणाली, "यांना काळ्याचं गणित जमेना झालंय." खाटेवर पडलेले अण्णा ऐकत होते.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला चौघंही बसले होते. अण्णांनी आमटी वाढून घेतली आणि ताटाकडे बघत म्हणाले, "काळ्याला मीठ लई लागायचं. पोत्यानं. फिक्याला थोडकं. रंग सुताला धरावा म्हणून घालतात. ते वहीत हाय का तुझ्या?"

चार दिवसांनी ते शरयूशी बोलले होते. 

"न्हाई अण्णा. मी फक्त रंग लिहिले."

"म्हणून तर," आई म्हणाली, "काळं पाणी यायच्या आदल्या दिवशी चहा मचूळ लागायचा. मी म्हणायची, बोअरला काय झालंय आज."

शरयूचा हात ताटावरच थांबला. "आदल्या दिवशी? नक्की?"

"नक्की. चहा ओतून द्यायची मी."

"मीठ आधी यायचं," शरयू सावकाश म्हणाली. "रंग मागनं. दोन्ही एकाच खड्ड्यातनं निघाली, एकाच दिवशी. मग मीठ आधी का?" तिनं ओवीकडे पाहिलं, पण ओवीची वाट पाहिली नाही. "रंग धरतो. सुताला धरतो तसा मातीलाबी धरत धरत येतो. मीठ कशाला चिकटत न्हाई, ते पाण्याबरोबर सरळ चालतं. म्हणजे पाण्याला यायला दोनच दिवस लागत होते. तिसरा दिवस रंगाचा."

अण्णांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "आणि मीठ त्या बुरशीला सोसंल का?"

"तेच," शरयू म्हणाली. "त्यांना तेच विचारायला पाहिजे."

*

शनिवारी अण्णांनीच दोघींना रिक्षातून वाचनालयात सोडलं. नदाफ मॅडमनी ओवीला बाजूला घेतलं.

"ही तिसरी बैठक. लिहिलेलं परत घेता येत नाही. तुझ्या नावावर जे बक्षीस आहे त्याबद्दल तू काही लिहिणार असशील, तर ते कुणीही वाचू शकतं."

"शाळेला मी कालच पत्र टाकलंय," ओवी म्हणाली. "शिष्यवृत्तीवाल्यांनाही. त्यांचं काही उत्तर आलेलं नाही अजून."

ती पाटीसमोर बसली. पहिलं वाक्य लिहायला तिला अकरा मिनिटं लागली. 'पाण्याबद्दल मी स्वतः शोधलेली एकही गोष्ट नाही.' ते लिहून ती घाबरली, कारण पुढं काय लिहायचं ते ठरलेलं नव्हतं. मग तिनं लिहिलं की बहीण गाळायला तिला किती सोपं गेलं. एकदम गाळली नाही. आधी नाव गेलं, मग 'आम्ही' गेलं, मग बाटली भरतानाचा गार नळ तिला स्वतःच्याच हाताला आठवायला लागला. 'इतक्या वेळा सांगितल्यावर मला ते खरंच घडल्यासारखं दिसतं,' तिनं लिहिलं, आणि खोडलं, आणि पुन्हा तेच लिहिलं. जिल्ह्याच्या सरांचा प्रश्न लिहिला. त्याचं उत्तर तिनं सहा वर्षं शोधलं नाही, कारण उत्तर शोधायला गेलं असतं तर बहिणीला विचारावं लागलं असतं.

शेजारच्या टेबलावर शरयू लेखणी मुठीत धरल्यासारखी धरून लिहीत होती. तिची अक्षरं मोठी होती आणि ओळी खाली उतरत होत्या. तिनं सरावाची एकही बैठक घेतली नव्हती. तेवढा वेळ नव्हता. सव्वा तासानं ती थांबली. सहाशेच्या जागी तिचे चारशे दहा शब्द झाले होते.

दोन्ही नकाशे पडद्यावर आले. ओवीचा हिरवा होता, मधे मधे राखाडी पट्टे. शरयूचा पाहून नदाफ मॅडम खुर्ची ओढून बसल्या. मिठाच्या परिच्छेदात तर खोडलेल्या ओळींच्या खालीही हिरवं होतं.

"हे लिहिताना नवीन काही सुचलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"व्हय," शरयू संकोचून म्हणाली. "शेवटचा प्रश्न. मातीला धरलेला रंग अजून मातीतच असंल का? तो घरनं ठरवून आणला न्हवता."

*

निकाल तीन आठवड्यांनी आला. ओवी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. तिनं आधी शरयूचं नाव बघितलं. चार जणांत दुसरं. मग स्वतःचं शोधलं. ते चौघांत नव्हतं. प्रतीक्षायादीतही नव्हतं.

तिनं हातातली परीक्षानळी स्टँडवर ठेवली आणि ती बाहेर येऊन जिन्यात बसली. आपल्याला आनंद होईल असं तिनं गृहीत धरलं होतं. आनंद होता, पण तो मागाहून आला. सगळा खटाटोप आपण केला, अर्ज आपण आणला, तिला लिहायला आपण बसवलं. असे विचार एकामागून एक आले. तिनं ते येऊ दिले.

निकालासोबत डॉ. मुजावरांच्या चार ओळी होत्या. 'तुमचा अर्ज आम्ही सगळ्यांनी वाचला. इतकं स्वच्छ लिहिलेलं फार थोडं येतं. पण प्रश्न पाण्याचा होता आणि तुम्हीच म्हणता तसं पाण्याबद्दल तुम्ही अजून काही शोधलेलं नाही. शोधा. पुढच्या वर्षी अर्ज पाठवा.'

ओवीनं ते तीनदा वाचलं. रागवायला त्यात जागा सापडेना.

घरी शरयू दारातच उभी होती. तिनंही निकाल पाहिला होता.

"मी जाणार न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"तुझी जागा हाय ती."

"माझी असती तर मला मिळाली असती." ओवीनं चपला काढल्या. "मी जिन्यात बसून तासभर तुझ्यावर जळले, आक्का. आता झालंय. तू जर गेली नाहीस तर मात्र मी आयुष्यभर जळेन, ते मला झेपायचं नाही."

शरयू हसली आणि रडलीही. आईनं तिला पाणी दिलं. अण्णा म्हणाले, "तिकडं गेल्यावर मिठाचं लावून धर. त्यांनी न्हाई ऐकलं तर मला फोन कर. मी सांगतो किती पोती घालायचो ते."

जूनच्या पहिल्या सोमवारी अण्णांनी तिला स्टँडवर नेलं. ओवीनं बॅग गाडीत चढवून दिली. गाडी सुटल्यावर अण्णा बराच वेळ त्या दिशेनं पाहत राहिले आणि मग म्हणाले, "रोज संध्याकाळी आता मी विचारणार, आज कुठला रंग चालला."

घरी आल्यावर ओवी ओट्यापाशी आईला मदत करायला गेली. आई कुकरचं झाकण उघडून चिडली होती. डाळ पुन्हा टणक राहिली होती.

"या गल्लीत डाळ शिजत न्हाई बघ. खालच्या आळीत शेवंताकडं दोन शिट्ट्यांत गळते. पाणी तर एकाच टाकीचं."

"एकाच टाकीचं?"

"नवी योजना झाल्यापासनं सगळ्यांना एकच टाकी हाय की."

ओवीनं डाळीचा दाणा बोटांत दाबून पाहिला. क्षार जास्त असलेल्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण एकाच टाकीचं पाणी एका गल्लीत जड आणि दुसऱ्या गल्लीत हलकं कसं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. वाटेत कुठंतरी पाण्यात काहीतरी मिसळत असणार. किंवा तसं नसेलही. डाळच वेगळी असेल.

तिनं आईकडून त्याच डब्यातली डाळ मोजून पुड्यांत बांधून घेतली. कोरी वही काढली. पहिल्या पानावर आपला अंदाज लिहिला आणि त्याखाली, तो चुकला तर तपासायचा दुसरा. मग ती बाहेर पडली आणि गल्लीच्या तोंडाच्या पहिल्या घराची कडी वाजवली.

"कोण गं?"

"मी ओवी, काकू. तुमच्याकडं डाळ किती शिट्ट्यांत शिजते?"

दार उघडलं. काकूंनी तिच्या हातातल्या वहीकडे पाहिलं, पुड्यांकडे पाहिलं.

"ये आत," त्या म्हणाल्या. "आत्ताच लावायलेय. बस, मोज तूच."